त्यातला माझा कोणता? इफिक्लीजचं प्रकरण

एकाच बाळंतपणात दोन मुलगे झाले. आई एक, बाप दोन, आणि त्या दोन बापांपैकी एक देव. देवाचा मुलगा हेराक्लीज, म्हणजे रोमन लोकांचा हर्क्युलिस, सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्याच्या पाठीवर एका रात्रीच्या अंतराने झालेला इफिक्लीज ग्रीक पुराणकथा वाचणाऱ्यांनाही बहुतेक वेळा तळटीपेतच भेटतो. हेराक्लीजबद्दल लिहिणारे लोक इफिक्लीजला भित्रा म्हणून निकालात काढतात, आणि तो निकाल मला पटत नाही. जुन्या ग्रंथांत त्याच्याबद्दल जे विखुरलेलं सापडतं, ते एकापुढे एक ठेवलं की वेगळंच काही दिसायला लागतं. म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून.

घरची परिस्थिती

अँफिट्रिऑन हा टिरिन्सच्या राजघराण्यातला, आणि अल्क्मीनी ही मायसिनीच्या राजाची, इलेक्ट्रिऑनची मुलगी. चोरीला गेलेली गुरं सोडवून आणत असताना एक गाय उधळली. अँफिट्रिऑनने तिच्यावर सोटा भिरकावला, तो शिंगांवर आपटून उलटला आणि होणाऱ्या सासऱ्याच्या डोक्यात बसला. इलेक्ट्रिऑन जागच्या जागी गेला. खून ठरवून केलेला नव्हता, पण भाऊबंदकीला निमित्त पुरतं. इलेक्ट्रिऑनच्या भावाने, स्थेनेलसने, अँफिट्रिऑनला हद्दपार केलं आणि मायसिनी व टिरिन्स दोन्ही गाद्या स्वतःकडे घेतल्या. अँफिट्रिऑन आणि अल्क्मीनी थीब्जला क्रेऑन राजाच्या आश्रयाला आले. हा तपशील ध्यानात ठेवायचा, कारण इफिक्लीजच्या आयुष्यातला सगळ्यात बदनाम निर्णय मला तरी इथूनच उलगडतो.

अल्क्मीनीची अट होती. तिच्या भावांना ज्यांनी मारलं त्यांचा सूड घेतल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही. अँफिट्रिऑन लढायला गेला, जिंकला आणि परत निघाला. तो पोचायच्या आत देवांचा राजा झ्यूस त्याचं रूप घेऊन घरी आला, लढाईची साद्यंत हकीकत सांगितली, आणि ती एक रात्र तीन रात्रींएवढी लांबवली. खरा नवरा आला तेव्हा बायकोच्या वागण्यात नवलाई अशी काही नव्हती. तू कालच तर आलास, ती म्हणाली. खरा प्रकार त्याला पुढे टायरेसियस या आंधळ्या भविष्यवेत्त्याकडून कळला.

आपल्याला इथे अहल्या आठवणारच. गौतमाचं रूप घेतलेला इंद्र, आणि शाप बायकोलाही. ग्रीकांकडेही नवऱ्याचा संताप आहे. दक्षिण इटलीत इसवीसनपूर्व चौथ्या शतकात पायथन नावाच्या चित्रकाराने रंगवलेलं एक मोठं भांडं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर अल्क्मीनी वेदीवर बसली आहे, समोर लाकडं रचली आहेत, अँफिट्रिऑन ती पेटवतो आहे, आणि वरून मेघकन्या घागरींनी पाणी ओतताहेत. झ्यूसने आग विझवली आणि संसार वाचला. पण त्याच काळात तिच्या पोटात दोन गर्भ वाढत होते, एक झ्यूसचा आणि एक अँफिट्रिऑनचा.

बाळंतपणात झ्यूसच्या बायकोने, हेराने, घातलेला घोळ थोडक्यात सांगतो. आज जन्मणारा माझ्या वंशातला मुलगा आसपासच्या सगळ्यांवर राज्य करील, असं झ्यूस फुशारकीने बोलून गेला. हेराने त्याला ते शपथेवर वदवून घेतलं, अल्क्मीनीच्या कळा थोपवल्या आणि स्थेनेलसच्या बायकोला सातव्या महिन्यात बाळंत केलं. अशा रीतीने युरिस्थियस राजा झाला, आणि हेराक्लीज जन्माला यायच्या आधीच त्याचा चाकर. इलियडच्या एकोणिसाव्या सर्गात ही सगळी हकीकत आहे. इफिक्लीजचा तिथे उल्लेखही नाही.

सापांची रात्र

ही गोष्ट तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितली आहे, आणि प्रकरणाचा जीव या फरकांतच आहे.

सगळ्यात सविस्तर सांगतो तो थिओक्रिटस, इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकातला कवी. मुलं दहा महिन्यांची आहेत. आईने दोघांना न्हाऊमाखू घातलं, दूध पाजलं आणि लढाईत लुटून आणलेल्या काशाच्या ढालीत झोपवलं. ढाल झुलवत ती अंगाई म्हणते. मध्यरात्री हेराने पाठवलेले दोन साप दारातून आत येतात. घरात एकाएकी उजेड पडतो आणि दोन्ही मुलं जागी होतात. इफिक्लीजला ढालीच्या काठावरून सापांचे दात दिसतात. तो किंचाळतो, लोकरीचं पांघरूण लाथाडून देतो आणि पळायला बघतो. हेराक्लीज दोन्ही हातांनी सापांचे गळे धरतो.

इथे थांबून पाहण्यासारखं असं की घराला जाग आणतो तो इफिक्लीज. अल्क्मीनी नवऱ्याला उठवते आणि म्हणते, ऊठ, वहाणा घालत बसू नकोस, धाकटा केवढ्याने ओरडतोय, ऐकू येत नाही का? हेराक्लीजचा तर आवाजच नाही. साप त्याच्या हाताबाहेरचे असते, तर त्या घरात मदत आणणारं दुसरं काय होतं? अँफिट्रिऑन पलंगाच्या वर खुंटीला लावलेली तलवार काढतो, नोकरांना दिवे आणायला ओरडतो. सगळे आत येतात तर हेराक्लीज मेलेले साप बापाच्या पायाशी टाकून हसतो आहे. भीतीने ताठ झालेल्या इफिक्लीजला आई छातीशी घेते. अँफिट्रिऑन हेराक्लीजच्या अंगावर पांघरूण घालतो आणि पुन्हा झोपायला जातो.

मला ही जागा फार आवडते. देवाच्या मुलाला पांघरूण घालतो तो माणूस-बाप, आणि माणसाचं मूल आईच्या कुशीत. कोण कुणाचा हा प्रश्न या घरात त्या रात्री कुणी विचारलेलाच नाही. सकाळी टायरेसियसला बोलावतात, तो हेराक्लीजचं भविष्य सांगतो, आणि पुढची कविता हेराक्लीजच्या गुरूंची यादी देत जाते. धाकट्याचं पुढे काय, ते कवीलाही विचारावंसं वाटलेलं नाही.

दुसरी तऱ्हा अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणसंग्रहातली. मूल आठ महिन्यांचं, साप हेराचे, अल्क्मीनी नवऱ्याला हाका मारते, हेराक्लीज उभा राहून साप मारतो. इतकंच, दोन ओळींत. पण लगेच पुढे हा संग्रह इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या फेरेकिडीसचं म्हणणं नोंदवतो, आणि ते ऐकून अंगावर काटा येतो. साप हेराने पाठवलेच नव्हते. ते अँफिट्रिऑनने स्वतः अंथरुणात सोडले होते. दोघांतला आपला कोणता ते त्याला बघायचं होतं. इफिक्लीज पळाला, हेराक्लीज ठाम राहिला, आणि अँफिट्रिऑनला कळलं की इफिक्लीज आपला.

बापाने पोराच्या पाळण्यात साप सोडला. कशासाठी, तर खात्री करायला.

या परीक्षेत तर्काची एक खोट आहे. पळालेला मुलगा माणसाचा, एवढंच त्यातून सिद्ध होतं. तो अँफिट्रिऑनचा, हे कुठे सिद्ध झालं? तो झ्यूसचा नाही म्हणून उरलेल्याचा, असा हा वजाबाकीचा हिशेब आहे. शिवाय दोन्ही मुलांना साप डसले असते तर निकाल कोणता लागला असता, याचा विचार अँफिट्रिऑनने केलेला दिसत नाही. पण कथा सांगणाऱ्याला खोटेपणा करायचा नव्हता, त्याला एक नेमकं काही म्हणायचं होतं. या घरात माणूस असल्याचा पुरावा भीती हाच होता. घाबरला, म्हणून माझा. इफिक्लीजला बाप मिळाला तो त्याच्या किंकाळीमुळे, आणि पुढच्या पिढ्यांनी त्याला भित्रा ठरवलं तेही तिच्याच जोरावर. आठ महिन्यांचं रांगतं पोर सापापासून लांब सरकलं, यात भित्रेपणा कुठला? तेवढी अक्कल त्या वयात असणं हेच कौतुकाचं.

रोमन नाटककार प्लॉटसने हाच प्रसंग विनोदी नाटकात आणला. तिथला अँफिट्रिऑन शेवटी अर्धा वाटा ज्युपिटरबरोबर, म्हणजे रोमनांच्या झ्यूसबरोबर, वाटून घ्यायला खुशीने तयार होतो. त्या नाटकात दुसऱ्या मुलाला नावही मिळालेलं नाही.

दोन बापांची जुळी ही कल्पना केवळ कवींची नव्हे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या ग्रंथात एका गर्भावर दुसरा गर्भ राहण्याची चर्चा करताना हेराक्लीज आणि इफिक्लीजचीच कथा दाखला म्हणून घेतली आहे, आणि शेजारीच एका बाईची हकीकत दिली आहे, जिचं एक जुळं नवऱ्यासारखं आणि दुसरं याराच्या वळणावर गेलेलं. आजच्या वैद्यकालाही हे मान्य आहे. एकाच पाळीत दोन बीजं सुटली आणि दोन पुरुषांशी संबंध आला, तर असं होऊ शकतं. अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका न्यायालयाने 2015 साली डीएनए चाचणीवरून निकाल दिला की संबंधित पुरुष जुळ्यांपैकी एकाच मुलीचा बाप आहे आणि पोटगी तेवढीच देईल. साप सोडावे लागले नाहीत.

शाळा

लहानपणीच्या इफिक्लीजचं एक निवांत दर्शन मिळतं ते मातीच्या भांड्यावर. जर्मनीत श्वेरिनच्या संग्रहालयात साधारण इसवीसनपूर्व 470 च्या सुमाराचा एक दुहेरी कानांचा खोल पेला आहे. एका बाजूला संगीतगुरू लिनस आणि त्याच्यासमोर बसलेला इफिक्लीज. गुरूच्या हातात लायर, म्हणजे ग्रीक वीणा, शिष्याच्या हातात लायर, मुलगा मन लावून शिकतो आहे. नावं शेजारी लिहिलेली आहेत, त्यामुळे शंकेला जागा नाही. पेला फिरवला की दुसऱ्या बाजूला हेराक्लीज शाळेला निघालेला. ताठ, डोळे वटारलेले. मागून त्याची लायर घेऊन काठी टेकत येते ती एक म्हातारी दासी, पाठीत वाकलेली, सुरकुतलेली, अंगावर गोंदण असलेली. तीही नावासकट, गेरोप्सो.

त्या काळच्या अथेन्समधल्या कुणालाही पुढचं माहीत होतं. हेराक्लीज वाजवायला शिकत नव्हता, लिनसने एक फटका दिला, आणि त्याने तीच वीणा गुरूच्या डोक्यात घालून त्याला ठार केलं. पेल्याच्या एका बाजूला गुरू जिवंत आहे, कारण समोर इफिक्लीज बसला आहे. चित्रकाराने तो पेला कुणासाठी रंगवला असेल ते असो. आईबापांना वर्गात यातला कोणता मुलगा हवासा वाटला असता, हे सांगायची गरज नाही.

युरिस्थियसची चाकरी

आता इफिक्लीजवरचा खरा आरोप. हेसिअडच्या नावावर असलेलं, पण बहुतेक अभ्यासक इसवीसनपूर्व सहाव्या शतकातलं मानतात असं हेराक्लीजच्या ढालीवरचं एक काव्य आहे. त्यात लढाईच्या तोंडावर हेराक्लीज आपल्या सारथ्याशी बोलतो. हा सारथी म्हणजे इओलाओस, इफिक्लीजचाच मुलगा. काका पुतण्याला सांगतो ते असं: तुझा बाप आणि मी जन्मलो, पण ना अंगलोटाने सारखे ना बुद्धीने. त्याची बुद्धी झ्यूसने काढून घेतली. घर आणि आईबाप सोडून तो त्या पापी युरिस्थियसचा मान राखायला गेला. मागाहून त्याने फार आक्रोश केला असेल, पण झालेली चूक माघारी घेता येत नाही. माझ्यावर मात्र दैवानेच कष्टाची कामं लादली.

मुलासमोर बापाविषयी हे बोलणं! आणि बोलणारा कोण, तर त्याच युरिस्थियसच्या हुकमावरून सिंह, रानडुकरं आणि घोडे गोळा करत फिरणारा. दोघा भावांचा मालक एकच. एक आपणहून गेला म्हणून मूर्ख, दुसऱ्याला पाठवलं म्हणून वीर. त्यातही बुद्धी काढून घेणारा झ्यूस, म्हणजे बोलणाऱ्याचा सख्खा बाप.

इफिक्लीज का गेला हे काव्य सांगत नाही. माझा अंदाज मी सुरुवातीच्या त्या भाऊबंदकीवरून बांधतो. युरिस्थियस ज्या गादीवर बसला होता ती इफिक्लीजच्या आजोळची, आणि टिरिन्स हे त्याच्या बापाचं मूळ घर. थीब्जमध्ये अँफिट्रिऑनचं कुटुंब परक्याच्या आश्रयाला होतं. हेराक्लीजला थीब्ज काय आणि टिरिन्स काय, त्याचा बाप आभाळात. वतन गेलं होतं ते इफिक्लीजचं. वतनावर परतायचं तर तिथे आज जो बसला आहे त्याच्याशी जुळवून घ्यायचं, हा हिशेब आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या घराण्यात समजून घेतला गेला असता. फसला असेल, पण त्याला बुद्धी गेल्याचं लक्षण म्हणायचं कारण नाही.

दोन मुलं

हेराक्लीजने थीब्जला खंडणीतून सोडवलं तेव्हा क्रेऑन राजाने थोरली मुलगी मेगारा त्याला दिली आणि धाकटी इफिक्लीजला. इफिक्लीजला आधीच्या बायकोपासून, ऑटोमेडुसापासून, इओलाओस झालेला होता. मग हेराने हेराक्लीजला वेड लावलं. त्या वेडात त्याने मेगारापासून झालेली आपली मुलं आगीत फेकली. हे वाक्य सगळीकडे सापडतं. अपोलोडोरसच्या संग्रहात ते पुढे जातं: आणि इफिक्लीजची दोन.

नावं नाहीत. वयं नाहीत. इफिक्लीज तेव्हा कुठे होता, काय म्हणाला, काही नाही. हेराक्लीजला पश्चात्ताप झाला, त्याने स्वतःला हद्दपार केलं, शुद्धीकरण करून घेतलं, डेल्फीला गेला, आणि बारा कामांची प्रसिद्ध मालिका सुरू झाली. ती कामं म्हणजे या हत्येचं प्रायश्चित्त, असं आपण वाचतो. त्यात इफिक्लीजच्या मुलांचा हिशेब धरलेला मला तरी कुठे आढळलेला नाही. युरिपिडीसच्या ज्या शोकनाट्यात हे वेड रंगमंचावर येतं, तिथे अँफिट्रिऑनला फार मोठी भूमिका आहे. तो झ्यूसला तोंडावर सुनावतो की मी मर्त्य असून सद्गुणात तुझ्यापेक्षा वरचढ आहे. शेवटी हेराक्लीजही म्हणतो, झ्यूस नव्हे, यालाच मी बाप मानतो. म्हणजे इफिक्लीजच्या पदरात जी एकच गोष्ट पडली होती, तीही थोरल्याने प्रेमाने मागून घेतली. इफिक्लीज त्या नाटकात नाही.

आणि इओलाओस? ज्या हातांनी त्याची भावंडं आगीत टाकली, त्याच हातांच्या शेजारी उभा राहून तो रथ हाकायला लागला. लर्नाच्या दलदलीत हायड्राचं एक डोकं छाटलं की तिथे दोन उगवत, तेव्हा हेराक्लीज छाटत गेला आणि इओलाओस पेटत्या लाकडांनी मुळं डागत गेला. युरिस्थियसने ते काम हिशेबात धरायला नकार दिला, पुतण्याची मदत घेतली म्हणून. पुढे हेराक्लीजने मेगाराही इओलाओसला देऊन टाकली. या घरात इफिक्लीजच्या वाट्याचं नेहमी कुणीतरी नेत होतं, आणि नको झालेलं कधीतरी त्याच्या मुलाकडे येत होतं.

कॅस्टर आणि पोलिड्युसिस ही दुसरी ग्रीक जोडी इथे शेजारी ठेवावी. तिथेही एक मर्त्य आणि एक देवाचा. कॅस्टर मरायला लागला तेव्हा पोलिड्युसिसने आपलं अमरत्व अर्धं वाटून घेतलं, आणि दोघे आळीपाळीने पाताळात आणि वर राहू लागले. आपल्या अश्विनीकुमारांचं या जोडीशी नातं अभ्यासकांनी फार पूर्वी दाखवलं आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात (1.181.4) अश्विनांपैकी एक सुमखाचा मुलगा आणि दुसरा द्यौचा, म्हणजे आकाशाचा, असं चक्क म्हटलं आहे. पण तिथे कुणी मागे राहत नाही, दोघे एका रथातून फिरतात. हेराक्लीजला वाटणीची वेळ आली नाही. तो चितेवरून ऑलिंपसवर गेला तोवर भाऊ मरून बरीच वर्षं झाली होती.

मरण

भित्रेपणाचा आरोप इथे पुरता कोसळतो. कॅलिडॉनच्या रानडुकराची शिकार ही ग्रीक वीरांची मानाची हजेरी, आणि तिच्या यादीत थीब्जहून आलेला अँफिट्रिऑनचा मुलगा इफिक्लीज आहे. तो मेला तोही लढाईतच. अपोलोडोरसच्या संग्रहानुसार स्पार्टात हिप्पोकूनच्या मुलांविरुद्धच्या लढाईत. पण इसवीसनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीसभर फिरलेल्या पॉसानियसने आर्केडियातल्या फेनिओस गावी वेगळं ऐकलं. एलिसच्या ऑगियस राजावर हेराक्लीजने केलेल्या पहिल्या स्वारीत अ‍ॅक्टरच्या मुलांनी इफिक्लीजला जखमी केलं. शुद्ध हरपत चाललेल्या त्याला नातलगांनी फेनिओसला आणलं. बुफागस नावाच्या गावकऱ्याने आणि त्याची बायको प्रोम्नी हिने त्याची शुश्रूषा केली, आणि तो गेल्यावर पुरलंही त्यांनीच.

अ‍ॅक्टरची ही मुलंही जुळीच. त्यांचा खरा बाप पॉसायडन, असं होमरही सुचवतो. म्हणजे इफिक्लीजला मारलं ते देवाच्या जुळ्यांनी, आणि तिथे दोघांचाही बाप देवच होता. त्या जोडीसमोर तेव्हा खुद्द हेराक्लीजचंही काही चाललं नाही. पुढे त्याने क्लिओनीला दबा धरून त्यांना मारलं.

फेनिओसचे लोक पॉसानियसच्या काळातही इफिक्लीजला वीर म्हणून बळी वाहत. थीब्ज नव्हे, टिरिन्स नव्हे, डोंगरातलं एक गाव, जिथे त्याची ओळख कुणाचा भाऊ एवढ्यावर थांबत नव्हती, कारण त्याचं दुखणं त्यांनी काढलं होतं.

थीब्जने त्याला अगदीच टाकला असंही नाही. कवी पिंडार थीब्जचाच. इसवीसनपूर्व 474 मध्ये सायरीनीच्या एका विजेत्यासाठी लिहिलेल्या गीतात तो म्हणतो की हेराक्लीजचं नाव जो घेत नाही, आणि ज्या डर्सी झऱ्याच्या पाण्यावर तो आणि इफिक्लीज वाढले त्या पाण्याची ज्याला आठवण नाही, तो माणूस मुकाच. त्याच गीतात, काही ओळी आधी, इओलाओसची हकीकत आहे. ज्या युरिस्थियसच्या चाकरीपायी इफिक्लीजने बोल लावून घेतला, त्याचं डोकं इओलाओसने तलवारीने उडवलं. इओलाओस मेल्यावर थीब्जच्या लोकांनी त्याला अँफिट्रिऑनच्या थडग्यात ठेवलं, आजोबांपाशी.